बासरीच्या सांध्यातले केस

गारा सुरू झाल्या नसत्या तर फेलिम गिलरॉय सरळ तळ्यापर्यंत गेला असता, त्याने बासरी पाण्यात टाकली असती आणि अट्रॅक्टा क्रायन त्याला जन्मात भेटली नसती. पण किल्टावन गावातला जानेवारी कुणाच्या बेताची पर्वा करत नाही. भर दुपारी आभाळ काळवंडलं, वाटाण्याएवढ्या गारा तडतडायला लागल्या, आणि फेलिम कोटाची कॉलर वर करून धावत सुटला तो थेट बंद पडलेल्या स्टेशनच्या फलाटावर.

त्या फलाटावर शेवटची गाडी लागली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. रूळ उखडून नेले होते, घड्याळ कुणीतरी पळवलं होतं. तिकीटघर तेवढं शाबूत होतं आणि त्यात अट्रॅक्टाचं दुकान होतं. जुन्या लाकडी बासऱ्या ती दुरुस्त करायची. गिऱ्हाईकं तिकिटाच्या खिडकीतून बासरी आत सरकवत आणि ती त्याच खिडकीतून त्यांना चहा बाहेर सरकवी. अट्रॅक्टा हे तळ्यापलीकडच्या संतिणीचं नाव. या भागात दर चौथ्या घरात एक अट्रॅक्टा असते, त्यामुळे शाळेत व्हायची तेवढी चेष्टा होऊन गेली होती. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती. केस तांबडेलाल, हात डावा. शाळेतल्या नन्सनी तो चार वर्षं पाठीशी बांधून ठेवला होता, तरी डावा तो डावाच राहिला.

तिला आधी माणूस नाही, मोजा दिसला. लांब, करडा, लोकरीचा. तो ज्या तऱ्हेनं छातीशी धरला होता त्यावरून आत काय असणार हे तिला लगेच कळलं. तिने काच वर सरकवली.

"मोज्यात काय आहे?"

तो दचकून वळला. कपाळावर ओले काळे केस, भुवयांत अडकलेली एक गार. "पाय नाही, एवढं नक्की."

"ते दिसतंय. पाय कुणी एवढा जपून धरत नाही."

त्याने खिडकीवरची अर्धी पुसलेली पाटी वाचली. मग तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "तिकीटघर आहे ना हे? ऑस्ट्रेलियाचं एक द्या."

"गाडीला थोडा उशीर आहे. सत्तावीस वर्षांचा. तोवर मोजा इकडे द्या."

तो हसला, आणि हसता हसता एकदम थांबला. "नको. ही मी तळ्यात टाकायला निघालोय."

कुणी पोर विहिरीत टाकायला निघालोय म्हणालं असतं तर जसं झालं असतं, तसं अट्रॅक्टाला झालं. तिने दार उघडलं, त्याला आत ओढलं, शेगडीपाशी बसवलं, हातात चहाचा मग दिला आणि मोजा काढून घेतला. हे सगळं इतक्या झटपट झालं की नको म्हणायची संधीच त्याला मिळाली नाही.

बासरी तीन तुकड्यांत होती. काळं, जड लाकूड, भोकं झाकायच्या चांदीच्या आठ कळा, पंचाहत्तर-ऐंशी वर्षांची धूळ. अट्रॅक्टाने ओठ लावायचं भोक उजेडात धरलं आणि ती चपापली.

"ही दोघांनी वाजवलीय," ती म्हणाली. "बघा. या कडेला झीज आहे ती उजव्या हाताच्या माणसाची. आणि या कडेलाही तेवढीच आहे. ही डावखुऱ्याची. कुणाची होती?"

"आजोबांच्या भावाची. ओवन गिलरॉय. तो उजवाच होता. दुसरं कोण ते मला माहीत नाही." फेलिमने चहाचा मग दोन्ही हातांत धरला. "तुम्ही हसणार नसाल तर सांगतो."

"मी हसले तर चहाचे पैसे नाहीत."

"एरवी आहेत?"

"बोला हो."

मग त्याने सांगितलं. लंडनला सात वर्षं बांधकामावर होता. वडील गेले म्हणून नोव्हेंबरात परतला. तळ्याकाठचं घर, चाळीस मेंढ्या आणि तो एकटा. कपाटाच्या खणात ही बासरी. आणि रोज दुपारी चार वाजता ती वाजायची.

"तीन तुकड्यांत असताना?"

"तीन तुकड्यांत असताना. एक चाल आहे. पहिला भाग दोनदा वाजतो. मग वळण, म्हणजे चालीचा दुसरा भाग, यायचं... आणि तिथेच थांबते. जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी, तसं होतं. वडिलांनी जन्मभर सोसलं. मला वाटायचं म्हातारा भ्रमलाय." तो शेगडीत पाहत होता. "मला नाही सोसत. भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, त्यानं दोन फेब्रुवारीचं तिकीट पाठवलंय. ही गप्प झाली तर मी राहीन. नाही तर घर विकून जाईन, आणि मग परत यायचं कारणच उरणार नाही."

अट्रॅक्टा हसली नाही. तिच्या दुकानात बासऱ्या कधी कधी वाऱ्याने हुंकारायच्या, ते निराळं. ती म्हणाली, "एक महिना द्या. मी दुरुस्त करते. पण रोज यावं लागेल. इतकी वर्षं मुकी राहिलेली बासरी एकदम फुंकली तर उभी चिरते. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. लाकडाला श्वासाची हळूहळू सवय लागते. तुम्हाला वाजवता येते?"

"लहानपणी यायची. पण मुकी कशी? रोज वाजते म्हटलं ना."

"माणसाच्या श्वासानं नाही ना वाजत."

गारा थांबल्या होत्या. तरी तो अर्धा तास उठला नाही. तो गेल्यावर तीही चारच्या आत दुकान बंद करून घरी गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अट्रॅक्टाच्या हातून ती चूक झाली.

बासरीचे तुकडे एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून सांध्याच्या मानेवर मेण लावलेला दोरा गुंडाळलेला असतो. दुरुस्तीला आलेल्या बासरीचा जुना दोरा पहिल्यांदा कापून टाकायचा. तिने हे हजारदा केलं होतं. वरचा ताग निघाला, त्याच्या आत आणखी काहीतरी निघालं, मेणाने काळं-कडक झालेलं. तिने सुरी फिरवली, वेटोळं सुटलं, आणि रोजच्या सवयीने तिने ते शेगडीत टाकलं.

वास आला आणि तिचा हात जागच्या जागी थिजला. असा वास दोऱ्याला येत नाही.

तिने शेगडीचं दार ओढून उघडलं. ज्वाळेत मेण वितळलं होतं आणि पीळ उलगडत होता. एक काळा पदर, एक तांबडालाल. माणसाचे केस. लांब, एकमेकांत घट्ट वळलेले. चिमटा शोधेपर्यंत राख झाली होती.

किल्टावनला केस कुणी जाळत नाही. कापलेले केस भिंतीच्या फटीत खुपसून ठेवायचे, कारण शेवटच्या दिवशी मेलेली माणसं उठतात आणि आपले केस शोधत येतात. अट्रॅक्टाचे बाबा, पॅकी क्रायन, न्हाव्याकडून आपले केस तंबाखूच्या डबीत भरून आणत आणि गोठ्याच्या भिंतीत ठेवत. चार केस उरलेत आता, त्यांच्यासाठी कोण येणार, म्हणून ती त्यांना चिडवायची. आज तिला ते आठवून घाम फुटला.

दुपारी बाराला फेलिम आला तेव्हा ती नवा दोरा गुंडाळत होती. सांगायला हवं, असं तिने मनाशी म्हटलं. पण तो दारातूनच म्हणाला, "काल रात्री मी दोन महिन्यांनी शांत झोपलो. चारला काही वाजलं नाही." त्याचा चेहरा असा उजळला होता की तिने नुसती बासरी त्याच्यापुढे केली.

"फुंका," ती म्हणाली. "पाच मिनिटं. एक सेकंद जास्त नाही."

त्याने बासरी ओठाला लावली. नुसती हवा गेली. परत. परत नुसती हवा.

"लंडनचा धूर निघतोय," ती म्हणाली.

"शिकवणाऱ्याचा दोष."

"ओठ असे नाही. हसू आवरल्यासारखे धरा."

"तुमच्यासमोर तेच करतोय मघापासून."

तिचे कान लाल झाले आणि केसांत लपले. पाचव्या मिनिटाला एक खोल, धुरकट सूर निघाला.

तीनला तो मेंढ्यांकडे गेला. चारला अट्रॅक्टाने बासरीचे तुकडे घोंगडीवर सुकत ठेवले होते, आणि त्यांच्यातून चाल सुरू झाली.

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी वाजवावं तसा. पहिला भाग एकदा. पुन्हा एकदा. मग वळणापाशी येऊन थांबला, आणि त्या थांबण्यात कुणीतरी श्वास रोखून वाट पाहतंय हे तिला अगदी स्पष्ट जाणवलं. मागे दोऱ्यांचा खण करकरत उघडला. तिने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. दारापासून शेगडीपर्यंत ओली पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, बाईची. आत आलेली. बाहेर गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गुंडाळलेला नवा दोरा उलगडून जमिनीवर पडला होता.

*

एवढं सगळं होऊनही ती प्रेमात पडली, हे सांगायलाच हवं. रोज बारा वाजायच्या आधी तिची नजर खिडकीकडे जाऊ लागली. तो कधी रिकाम्या हाताने यायचा नाही. कधी बदकाची अंडी, कधी शेगडीत जाळायला पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, कधी स्वतः थापलेली बॉक्स्टी. किसलेल्या बटाट्याची ती भाकरी एका बाजूने करपलेली असे.

"ही बाजू मेंढ्यांसाठी का?"

"मेंढ्यांनी नाही म्हटलं. म्हणून तुमच्याकडे आणली."

दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं झाली. तो फुंकायचा, ती त्याची बोटं भोकांवर नीट बसवायची, आणि नीट बसल्यावरही तिची बोटं तिथेच राहायची. बासरी आतून ओली झाली की ती रेशमी फडकं ओढून काढायची, तोवर तो खिडकीबाहेर पाहत काहीतरी गुणगुणायचा. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"सांधा अजून बसत नाही," ती रोज म्हणायची. खोटं नव्हतं ते. रोज ती नवा दोरा गुंडाळायची आणि रोज सकाळी तो जमिनीवर असायचा.

"मला घाई नाही," तो म्हणायचा. "घर गप्प आहे. तुझ्या हातात जादू आहे, अट्रॅक्टा. असंच राहिलं तर... पर्थला पत्र लिहीन म्हणतो."

आणि इथेच ती अडकली होती. घर गप्प नव्हतंच. आवाज बासरीमागे आला होता, तिच्या दुकानात. बासरी परत नेली की तो परत त्याच्या घरी जाणार, आणि आता एकटा जाणार नव्हता. त्याच्याबरोबर ती ओली पावलंही जाणार होती, जी तिने केस जाळल्यामुळे आली होती. खरं सांगितलं की दोन तारखेला फेलिम जाणार. नाही सांगितलं तर तो राहणार, आणि रोज चारला तिने एकटीने हे सोसायचं. तिने सोसायचं ठरवलं. प्रेमात माणूस इतकं अडाण्यासारखं वागतो.

तिसऱ्या आठवड्यात, चारला, ती खुर्चीत बसून होती. चाल थांबली. खण उघडला, दोऱ्यांची रिळं गडगडली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग तिच्या मानेवर गार पाण्याचा थेंब पडला.

कुणीतरी मागून तिचे केस वेगळे करत होतं. हळूहळू, बट सोडवून, एकेक केस बोटांत धरून. जसं आई उवा बघते तसं. एक केस बघायचा, सोडायचा. दुसरा. दात वाजू नयेत म्हणून अट्रॅक्टाने मूठ चावली. ती बोटं राकट नव्हती, तेच भयंकर होतं. ती फार धीराने शोधत होती. शेवटी सगळं डोकं तपासून झाल्यावर एक लांब, थकलेला उसासा निघाला आणि बोटं गेली.

त्या शनिवारी तिचे बाबा स्वयंपाकघरातल्या आरशापुढे दाढी करत होते. उद्याच्या प्रार्थनेची तयारी. गालाला फेस, आणि नेहमीसारखं काहीतरी गुणगुणत. लहानपणापासून ऐकलेलं ते गुणगुणणं अट्रॅक्टाने आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं, आणि बशी तिच्या हातातून सुटली.

"बाबा, ही कुठली चाल?"

"चाल कुठली? नुसतं वळण आहे. हिला पहिला भागच नाही. तुझे आजोबा गुणगुणायचे, कुणी जवळ नाही असं वाटलं की."

अट्रॅक्टाने पहिला भाग गुणगुणून दाखवला. रोज चारला ऐकलेला. तो थांबतो तिथून बाबांचं वळण अगदी बेमालूम सुरू होत होतं. पॅकी क्रायनचा वस्तरा हवेतच राहिला.

"कुणाकडे ऐकलंस हे?"

"गिलरॉयांच्या बासरीवर."

बाबांनी वस्तरा खाली ठेवला. मग त्यांनी फेस पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून बसले. "ऊना आत्या," ते म्हणाले. "माझ्या बाबांची बहीण. ती अमेरिकेला गेली असं आपण सांगतो. नाही गेली. तळ्यातल्या मासेमारीवरून गिलरॉय आणि आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. त्यात तो ओवन आणि ही भेटायची, होडीत, तळ्याच्या मधोमध. दोघांत एक बासरी. पहिला भाग तो वाजवायचा, वळण ती. दोन्ही काठांवर ऐकू यायचं आणि दोन्ही काठांवरची माणसं दारं लावून घ्यायची. संत ब्रिजिडच्या सणाच्या, म्हणजे एक फेब्रुवारीच्या, आदल्या दिवशी वारा सुटला. होडी सापडली, बासरी सापडली, तीन दिवसांनी ओवन सापडला. ऊना नाही." त्यांनी मुलीच्या केसांकडे पाहिलं. "तुझ्यासारखीच होती म्हणत. लाल. आणि डावखुरी."

अट्रॅक्टाला उमगलं की पाण्याबाहेर ऊनाचं एवढंच काय ते उरलं होतं. तिला ना थडगं, ना दगड. सांध्यात वळलेली ती एक बट, ओवनच्या केसांबरोबर. आणि ती आपण शेगडीत घातली.

"पोरी, तुला बरं वाटत नाही का?"

"बशी फुटली, म्हणून," ती म्हणाली.

*

एकतीस जानेवारी. ब्रिजिडच्या सणाचा आदला दिवस. फेलिम सणाला दारावर लावायचा लव्हाळ्याचा क्रूस घेऊन आला होता, पण दारातून आत न येता तो खिडकीसमोर उभा राहिला, टोपी काढली आणि एक पाकीट आत सरकवलं.

"हे तिकीट परत घ्या, बाई. प्रवास रद्द."

ऑस्ट्रेलियाचं तिकीट. अट्रॅक्टाने ते उचललं नाही. महिनाभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर होता, आणि तिला रडू कोसळलं.

"काय झालं? मला वाटलं होतं... तू हसशील."

"आत ये. बस. आणि मी सगळं सांगेपर्यंत एक शब्द बोलू नकोस."

तिने सगळं सांगितलं. केस, शेगडी, वास. पावलं. उलगडलेले दोरे. ऊना आणि ओवन. बोटं. तो ऐकत राहिला. शेगडीतला पीट खाली बसला तरी कुणी नवा घातला नाही.

"म्हणजे माझं घर गप्प झालंच नव्हतं," तो अखेर म्हणाला. "माझ्या वाटचं तू ऐकत बसलीस."

"हो."

"महिनाभर. एकटी. आणि मी इथे करपलेल्या भाकऱ्या आणत होतो." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो खरा होता. "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

"हे तू ठरवलंस?"

"तूच म्हणाला होतास, गप्प झाली तर राहीन. मला... मला तू राहायला हवा होतास, फेलिम. दुसरं कारण नाही. वाईट आहे, पण तेच आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि म्हणून मी तुझ्याशी खोटं वागले."

त्याने खिडकीच्या फळीवरचं पाकीट उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. अट्रॅक्टाने ते पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

"चार वाजायला किती अवकाश आहे?" त्याने विचारलं.

"वीस मिनिटं."

"मग मी थांबतो."

वीस मिनिटं दोघं समोरासमोर बसले. बाहेर धुकं फलाटावर चढत होतं. मग घोंगडीवरच्या तीन तुकड्यांतून ती चाल सुरू झाली. फेलिमचा चेहरा पांढरा पडला, पण तो उठला नाही. एकदा. दोनदा. थांबली. दाराची कडी न हलता फरशीवर पहिलं ओलं पाऊल उमटलं. दुसरं. तिसरं. ती खुर्चीपर्यंत आली, आणि फेलिमने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की अट्रॅक्टाच्या मानेवरची बट आपोआप उचलली गेली.

"बाजूला हो," तो पुटपुटला. "अट्रॅक्टा... ऊठ तिथून."

"नाही." ती हलली नाही. डोळे मिटून ती म्हणाली, "ऊना आत्ये. तुझे केस मी जाळले. मुद्दाम नाही जाळले, पण जाळले. ते आता परत येत नाहीत. रोज शोधतेस, ते माझ्या डोक्यात नाहीत. पण हे आपल्याच घरचे आहेत. हे घे."

बाकावरची कात्री डाव्या हाताने उचलून तिने कानामागची जाड बट कानाच्या रेषेत कापली. मानेवरची बोटं थांबली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फेलिम तिच्या शेजारी उभा होता. त्याने तिच्या हातातून कात्री घेतली.

"दोन रंग होते म्हणालीस ना?"

"फेलिम, हे एकदा वळलं की... तुला कळतंय ना आपण काय करतोय?"

"लंडनला होतो सात वर्षं. अडाणी झालो नाही." कात्री कचकन वाजली आणि कपाळावरचे काळे केस तिच्या तळहातावर पडले. ते ती रोज दुपारी बाराला डोळ्यांनी बाजूला सारायची. "माझा राग गेलेला नाही. पण तिकीट शेगडीत टाकायचं होतं. खिडकीत सोडलं असतं तर तू जपून ठेवलं असतंस, तुझा भरवसा नाही."

खिशातून काढून त्याने ते टाकलं. कागद भुरकन पेटला. अट्रॅक्टाला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि दोन्ही आवरून ती कामाला लागली, कारण मागे फरशीवर पाणी थेंब थेंब ठिबकत होतं आणि कुणीतरी तिच्या खांद्यावरून पाहत होतं.

तिने काळ्यात लाल वळलं. पीळ दिला, मेण लावलं. सांध्याच्या मानेवर पहिला वेढा बसला, दुसरा, तिसरा, आणि शेवटचं टोक खाली दाबताना फेलिमने त्यावर बोट ठेवलं. गाठ बसली. ठिबकणं थांबलं. तुकडे एकमेकांत आवाज न करता, घट्ट गेले. महिनाभरात असे पहिल्यांदाच गेले.

"तू," ती म्हणाली. "पहिला भाग तुझा."

त्याने बासरी उजवीकडे धरली. ज्या चालीने त्याला घराबाहेर काढलं होतं ती त्याने वाजवली, एकदा, आणि पुन्हा एकदा. वळणापाशी तो थांबला, दोन घरांनी पंचाहत्तर वर्षं जिथे थांबवलं होतं तिथेच, आणि बासरी तिच्या हातात दिली. अट्रॅक्टाने ती डावीकडे वळवली. झिजलेल्या कडेवर तिचा ओठ टेकला, बोटं भोकांवर आपली आपण बसली. लाकूड अजून त्याच्या श्वासाने ऊबदार होतं.

तिने वळण वाजवलं.

वाजवताना पुन्हा केसांत बोटं आली. ती आता शोधत नव्हती. कापलेली बट होती त्या जागेवरून ती दोनदा फिरली, नुसती, मायेने. शेवटच्या सुरापर्यंत ती होती. सूर विरला तेव्हा नव्हती.

मग फेलिमने तिचा दंड धरला आणि मान हलवून फरशी दाखवली. रोज पावलं आत यायची, बाहेर जायची नाहीत. आज शेगडीपासून दाराकडे पावलं उमटली होती. लहान पावलं, आणि त्यांच्या शेजारी, अगदी चिकटून, मोठी. दोघांनी दार उघडलं. पावलं फलाटावरून धुक्यात, तळ्याच्या दिशेने गेली होती, आणि पाहता पाहता वाळत होती.

अट्रॅक्टाने सवयीने फडकं घेतलं आणि बासरी आतून पुसायला लागली. एका बाजूचे केस कानापर्यंत आखूड झाले होते. त्याच्या कपाळावर एक खिंडार पडलं होतं. दोघंही चांगलेच विद्रूप दिसत होते.

"बाबा विचारतील केसांचं काय झालं."

"सांग, बासरीला लागले." तो तिच्या कापलेल्या बटेची टोकं बोटांत घेऊन उभा होता. बोटं गार होती, पण ती त्याचीच होती. "उद्या किती मिनिटं फुंकायचं?"

"आता मोजायचं नाही," अट्रॅक्टा म्हणाली, आणि तिने तिकिटाची खिडकी आतून लावून घेतली.